अंधाऱ्या खोलींतील घट : अमेरिकेच्या आरंभकालाचा नवा इतिहास

शास्त्राचीं पहिलीं पानें ज्यानें चाळलीं आहेत, त्यास भूमीवरचा घट चांगला परिचयाचा असतो. समोरच्या जमिनीवर घट दिसत नाहीं, म्हणून तेथें घट नाहीं, असें आपण म्हणतों. या 'न दिसण्या'सहि भाट्ट मीमांसकांनीं व वेदान्त्यांनीं ज्ञानाचें एक स्वतंत्र साधन मानलें आणि त्यास अनुपलब्धि हें नांव दिलें. परंतु नांव देतांना त्यांनीं एक अटहि घातली. घट असता तर तो दिसलाच असता, अशी तेथील स्थिति असली पाहिजे. दिवा तेवत असलेल्या खोलींत घट दिसला नाहीं, तर तो नाहीं असें खुशाल म्हणावें. खोलींत काळोख असेल, तर न दिसण्यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. ही योग्यतेची अट विसरली कीं मोठमोठे पंडितहि फसतात.

अमेरिकेच्या आरंभकालासंबंधीं गेल्या साठ वर्षांत जें नवें संशोधन झालें, त्याचें मर्म सांगावयास या घटाहून सोपें उदाहरण मला सांपडत नाहीं. ४ जुलै १७७६ रोजीं त्या देशाच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत झाला. २०२६ हें त्याचें अडीचशेंवें वर्ष. जाहीरनामा तोच, पुढारी तेच आणि पुष्कळसे कागदहि तेच. तरी तिकडच्या विद्वानांच्या हातीं आज जो इतिहास आहे, तो आमच्या क्रमिक पुस्तकांतील इतिहासाहून फार निराळा आहे. तो कसा पालटला, आणि हा पालट विश्वासार्ह कितपत, हें पाहण्याचा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम जुना इतिहास. जॉर्ज बँक्रॉफ्ट या गृहस्थांनीं १८३४ पासून १८७४ पर्यंत चाळीस वर्षें खपून दहा खंडांत आपल्या राष्ट्राचा इतिहास लिहिला. ईश्वरी संकेतानें स्वातंत्र्याकडे चाललेल्या एका समाजाची ती भव्य गाथा होती. तिचा सारांशाचा सारांश आमच्या शाळांतून दोन पानांत शिकविला जाई : १७७३ सालीं बोस्टनच्या बंदरांत चहाच्या पेट्या बुडाल्या, वॉशिंग्टननें युद्ध जिंकलें, जेफरसननें जाहीरनामा लिहिला. यांत खोटें कांहींच नव्हतें. परंतु १७९० सालीं त्या देशाची जी पहिली खानेसुमारी झाली, तींत सुमारें ३९ लाख माणसें मोजलीं गेलीं, आणि त्यांपैकीं जवळजवळ ७ लाख माणसें गुलाम होतीं. भूमीच्या मूळ रहिवाशांपैकीं बहुतेक तर या गणतींत धरलेच नव्हते. गाथेंत मात्र सभेंत बोलणारे, सहीनिशीं पत्रें लिहिणारे आणि तरवार बांधणारे पुरुषच तेवढे दिसत. बाकीचे कोठें गेले, असा प्रश्न केला तर उत्तर येई कीं, त्यांच्याविषयीं कागदांत कांहीं आढळत नाहीं. म्हणजे घट दिसत नाहीं. म्हणून घट नाहीं!

दिवा प्रथम कुटुंबाच्या माजघरांत नेला गेला. व्हर्जिनिया प्रांतांतील विल्यम्सबर्ग येथें १९४३ सालीं या कालखंडाच्या अभ्यासासाठीं एक स्वतंत्र संस्था स्थापन झाली, आणि तिच्या त्रैमासिकांतून या विषयाची शिस्तशीर चर्चा होऊं लागली. पुढें १९७० सालीं दोन छोटे पण महत्त्वाचे ग्रंथ बाहेर पडले. त्यांचें साहित्य म्हणजे मृत्युपत्रें, मयताच्या घरांतील वस्तूंच्या याद्या, जन्ममृत्यूच्या नोंदी व जमिनीचे दस्तऐवज. जॉन डेमॉस यांनीं प्लिमथ वसाहतीच्या अशा कागदांवरून दाखविलें कीं, आरंभींचे ते वसाहतवाले मोठ्या एकत्र कुटुंबांत राहत हा समज निराधार आहे. बहुतेक घरांत आईबाप व त्यांचीं मुलें एवढींच माणसें असत. फिलिप ग्रेव्हन यांनीं मॅसॅच्युसेट्समधील अँडोव्हर या एकाच गांवाच्या चार पिढ्या तपासल्या. तेथें मुलगा लग्न करून शेजारीं वेगळें घर बांधी. परंतु जमिनीचें खत बाप मरेपर्यंत आपल्याच पेटींत ठेवी. म्हणून मुलांचीं लग्नें उशिरा होत, आणि तिशी ओलांडलेला मुलगाहि बापाच्या शब्दाबाहेर जात नसे. पुढें वांटण्या होऊन जमीन अपुरी पडूं लागली, तेव्हां तिसऱ्या-चौथ्या पिढीचे मुलगे गांव सोडून चालले. चूल वेगळी पण खत बापाकडे, हा प्रकार एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस समजावून सांगावा लागणार नाहीं. स्वातंत्र्याची जी पिढी आपण व्यासपीठावर पाहतों, ती अशा घरांतून आलेली होती, हें या कागदांनीं प्रथम सांगितलें.

तथापि मृत्युपत्रें व खतें हीं बहुतेक पुरुषांचीं. बायकांचें काय? याचें उत्तर एका सुइणीच्या रोजनिशीनें दिलें.

मार्था बॅलर्ड ही १७३५ सालीं मॅसॅच्युसेट्समधील ऑक्सफर्ड गांवीं जन्मली. तिला नऊ मुलें झालीं; त्यांपैकीं तीन १७६९ च्या उन्हाळ्यांत घशाच्या सांथींत अल्पावधींत गेलीं. पुढें पतीबरोबर ती उत्तरेस केनेबेक नदीकांठच्या हॅलोवेल या नव्या वसाहतींत राहावयास गेली. हा भाग आज मेन या राज्यांत येतो. वयाच्या पन्नाशींत, १७८५ च्या जानेवारींत, तिनें रोजनिशी लिहावयास आरंभ केला, आणि १८१२ च्या मे महिन्यांत मृत्यु समीप येईपर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षें, ती लिहिली. सुमारें दहा हजार दिवसांच्या नोंदी! हवा कशी होती, नदी गोठली कीं फुटली, कोणाच्या घरीं बोलावणें आलें, मुलगा झाला कीं मुलगी, सुइणपणाचे पैसे मिळाले कीं बाकी राहिले, मागावर किती कापड निघालें, भाजीच्या वाफ्यांत काय पेरलें. शुद्धलेखन ओबडधोबड, वाक्यें तुटक, भावनेचा एक शब्द क्वचित्.

१८७० सालीं त्या भागाचा इतिहास लिहिणाऱ्या एका गृहस्थांनीं ही रोजनिशी पाहिली, थोडे उतारे घेतले आणि बाकीचा मजकूर सामान्य वाचकाच्या उपयोगाचा नाहीं असा निर्णय दिला. पुढें शंभरांहून अधिक वर्षांनीं लॉरेल थॅचर अल्रिक या विदुषींच्या हातीं ती आली. बाईंचा स्वतःचा जीवनक्रम नमूद करण्यासारखा आहे. पांच मुलांचा संसार संभाळून त्यांनीं अध्ययन केलें आणि १९८० सालीं, बेचाळिशीच्या सुमारास, डॉक्टरेट मिळविली. मार्थेच्या रोजनिशीवर त्या आठ वर्षें काम करीत होत्या. जो कंटाळवाणा तपशील म्हणून पूर्वसूरींनीं टाकून दिला, तोच त्यांनीं एकेक ओळ करून मोजला, आणि प्रत्येक नांव करांच्या याद्या, न्यायालयाचीं दप्तरें व जमिनीचे कागद यांशीं ताडून पाहिलें.

त्यांतून काय निघालें? रोजनिशींत ८१६ बाळंतपणांची नोंद आहे. होडीनें, घोड्यावरून, तर कधीं गोठलेल्या नदीवरून चालत ही बाई रात्रीबेरात्रीं गेली. प्रत्यक्ष प्रसूतीच्या वेळीं तिच्या हातून एकहि माता दगावली नाहीं. त्यापुढील दिवसांत पांच गेल्या. पुरुषांच्या जमाखर्चाच्या चोपड्या पाहिल्या तर लांकूड, धान्य व रम यांचाच व्यापार दिसतो. मार्थेच्या नोंदी शेजारीं ठेवल्या म्हणजे दुसरा एक व्यापार दिसूं लागतो. सूत, कापड, कोंबड्या, औषधी, आजाऱ्याची शुश्रूषा आणि मुलींची मजुरी यांची देवघेव घरोघरच्या बायका आपसांत करीत, आणि गांवाचा अर्धा संसार त्यावर चाले. नवऱ्याच्या चोपडींत त्याचें चिन्हहि नाहीं. कारण तो हिशेब त्यानें ठेवावयाचाच नव्हता. योग्यतेची अट ती हीच.

सत्य लिहिण्यांत ही बाई कशी निष्ठुर होती याचेंहि एक उदाहरण देतों. अविवाहित स्त्री प्रसूत होऊं लागली म्हणजे ऐन वेणांत सुइणीनें तिला बाळाच्या बापाचें नांव विचारावें, आणि तें प्रमाण मानावें, असा तेथील रिवाज होता. १७९१ सालीं सॅली पीयर्स नांवाच्या मुलीनें अशा वेळीं जें नांव घेतलें, तें मार्थेच्या स्वतःच्या मुलाचें, जोनाथनचें होतें. आईनें तें जसेंच्या तसें लिहून ठेवलें. चार महिन्यांनीं दोघांचें लग्न झालें. पुढें मार्थेचा पति कराच्या थकबाकीपायीं तुरुंगांत पडला असतां तोच जोनाथन आणि तीच सॅली मुलांबाळांसह त्या घरांत येऊन राहिलीं, आणि घरच्या कर्त्या बाईस आपल्याच घरांत एका खोलींत दिवस काढावे लागले. सासूसुनेचें सूत कसें होतें, तें त्या तुटक ओळींवरूनहि वाचणाऱ्यास कळतें. अल्रिकबाईंचा ग्रंथ १९९० सालीं प्रसिद्ध झाला, आणि पुढील वर्षीं त्यास इतिहासाचें पुलित्झर पारितोषिक मिळालें.

येथपर्यंत कोणाचा विरोध होण्याचें कारण नाहीं. परंतु हाच दिवा जाहीरनाम्याच्या कर्त्याच्या वाड्यांत गेला, तेव्हां मोठा क्षोभ झाला.

सर्व माणसें समान आहेत, असें जगाला सांगणारा टॉमस जेफरसन (१७४३–१८२६) आपल्या हयातींत सहाशांहून अधिक गुलामांचा धनी होता. त्यांत सॅली हेमिंग्स नांवाची एक स्त्री होती. जेफरसनची पत्नी १७८२ सालीं वारली. तिची ही सावत्र बहीण, एकाच बापाची, पण गुलाम आईच्या पोटची. ती चौदा वर्षांची असतां, १७८७ सालीं, जेफरसनच्या धाकट्या मुलीची सोबतीण म्हणून पॅरिसला गेली. जेफरसन तेव्हां तेथें वकील होता. परत आल्यावर तिला जीं मुलें झालीं त्यांपैकीं चार जगलीं. त्यांतील मॅडिसन हेमिंग्स यानें १८७३ सालीं ओहायोंतील एका वृत्तपत्रांत स्पष्ट सांगितलें कीं, आमचा बाप जेफरसन. आपलीं मुलें एकवीस वर्षांचीं होतांच मुक्त होतील, असें वचन घेऊनच आई फ्रान्सहून परतली, असेंहि तो म्हणाला. उलटपक्षीं जेफरसनच्या नातवंडांचें सांगणें असें कीं, हें कर्म त्याच्या एका भाच्याचें.

दोन साक्षी समोर होत्या. शंभर वर्षें बहुतेक चरित्रकारांनीं एक ग्राह्य धरली व दुसरी टाकली. आणि निवाडा साक्षीकडे न पाहतां साक्षीदाराच्या कुळाकडे पाहून झाला. १९९७ सालीं अ‍ॅनेट गॉर्डन-रीड या कायद्याच्या अध्यापिकेनें हें प्रकरण न्यायालयांत तपासावें तसें तपासलें. जेफरसनच्याच नोंदींवरून तो केव्हां कोठें होता हें ठरवितां येतें. सॅलीच्या प्रत्येक मुलाच्या गर्भधारणेच्या काळीं तो घरीं होता. तिचीं सर्व मुलें प्रौढ झाल्यावर मुक्त झालीं. त्या वाड्यांतील दुसऱ्या कोणत्याहि गुलाम कुटुंबाच्या वांट्यास हें भाग्य आलें नाहीं. मॅडिसनचा जबाब या गोष्टींशीं जुळतो; नातवंडांचा जुळत नाहीं. दुसऱ्याच वर्षीं, १९९८ च्या नोव्हेंबरांत, रक्ताची परीक्षा प्रसिद्ध झाली. आपल्याकडे गोत्र जसें बापाकडून मुलाकडे जातें, तसें वाय नांवाचें गुणसूत्र बापाकडून मुलाकडेच जातें. सॅलीचा धाकटा मुलगा ईस्टन याच्या वंशजाचें गुणसूत्र जेफरसन घराण्याशीं जुळलें, आणि त्या भाच्याच्या घराण्याशीं जुळलें नाहीं. या परीक्षेनें घराणें ठरतें, व्यक्ति ठरत नाहीं, हें खरें. परंतु कागदांचा पुरावा व हा पुरावा एकत्र घेऊन, जेफरसनचा वाडा संभाळणाऱ्या संस्थेनेंच २००० सालीं तोच बाप असल्याचा संभव फार मोठा आहे असा अभिप्राय दिला. पुढें गॉर्डन-रीडबाईंनीं २००८ सालीं सबंध हेमिंग्स कुटुंबाचा इतिहास लिहिला, आणि त्यासहि २००९ चें पुलित्झर पारितोषिक मिळालें.

तिसरें उदाहरण भूमीच्या मूळ धन्यांचें. १६७५-७६ सालीं इंग्रज वसाहतवाले व मूळ रहिवासी यांच्यांत घनघोर युद्ध झालें. त्यांत पकडली गेलेली मेरी रोलंडसन हिनें आपल्या बंदिवासाची हकीगत १६८२ सालीं छापली. तींत वीटामू नांवाची एक स्थानिक बाई नटवी व गर्विष्ठ म्हणून येते. तीनशें वर्षें वाचकांनीं तिला तसेंच ओळखलें. लीझा ब्रुक्स या स्वतः अबेनाकी या मूळ जमातीच्या विदुषी. त्यांनीं जुनीं खरेदीखतें, स्थलनामें आणि स्थानिक भाषा यांच्या साह्यानें दाखविलें कीं, वीटामू ही पोकॅसेट लोकांची अधिपति होती, आणि आपल्या लोकांच्या जमिनी वांचविण्यासाठीं वसाहतीच्या न्यायालयाचाहि दरवाजा तिनें ठोठावला होता. याच ग्रंथांत जेम्स प्रिंटर भेटतो. हा निपमक जमातीचा शिकलेला तरुण. १६६३ सालीं मूळ रहिवाशांच्या भाषेंत जें बायबल छापलें गेलें, त्याचे खिळे जुळविणारांत हा होता. ज्यांना अक्षरशत्रु समजलें जाई, त्यांच्यांतीलच एकजण त्या देशांतील पहिल्या बायबलाचा जुळारी! हा ग्रंथ २०१८ चा.

आतां पूर्वपक्ष ऐकूं. पुष्कळ सुज्ञ लोक म्हणतात कीं, अशानें थोरांची थोरवी खचते, आणि ज्या राष्ट्रास आपल्या पूर्वजांचा अभिमान नाहीं त्याचें पुढें व्हावयाचें काय? हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. परंतु जाहीरनाम्यांतील समतेचें तत्त्व जेफरसनच्या वर्तनानें खोटें ठरत नाहीं. तत्त्वास त्याच्या कर्त्याहून अधिक आयुष्य असतें. त्याच तत्त्वाचा आधार घेऊन पुढें गुलामांच्या वंशजांनीं आपला हक्क मागितला. जो पुतळा एका सुइणीच्या वहीनें किंवा एका मुलाच्या जबाबानें हलतो, त्याचा पायाच तपासलेला बरा.

दुसरा आक्षेप अधिक मार्मिक आहे. नवे लोक अंधाऱ्या खोलींत घट 'असावा' असें धरून चालतात, आणि मग नसलेला घटहि त्यांना दिसूं लागतो! हें भय खरें आहे, आणि त्याचीं उदाहरणेंहि घडलीं आहेत. २००० सालीं एका प्राध्यापकांनीं मृत्यूनंतरच्या मालमत्तेच्या याद्यांवरून असें प्रतिपादन केलें कीं, आरंभींच्या अमेरिकेंत बंदुका फार थोड्या घरीं असत. ग्रंथास मानाचें बँक्रॉफ्ट पारितोषिकहि मिळालें. इतर विद्वानांनीं मूळ याद्या काढून पाहिल्या, तों आंकडे जुळेनात. सॅनफ्रान्सिस्कोच्या ज्या याद्या पाहिल्याचें ग्रंथकर्त्यानें सांगितलें, त्या तर १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगींत जळून गेल्या होत्या. चौकशी झाली, प्राध्यापकांनीं आपली जागा सोडली, आणि २००२ सालीं दिलेलें पारितोषिक परत घेण्यांत आलें. तसेंच २०१९ सालीं न्यूयॉर्कच्या एका प्रमुख वृत्तपत्रानें १६१९ हें वर्ष, म्हणजे व्हर्जिनियांत गुलाम आफ्रिकनांचें पहिलें आगमन, हाच राष्ट्राचा खरा आरंभ मानून एक लेखमाला छापली. गुलामगिरी राखण्याची इच्छा हें वसाहतवाल्यांच्या बंडाचें एक मुख्य कारण होतें, या तींतील विधानास गॉर्डन वुड यांच्यासह पांच नामांकित इतिहासकारांनीं जाहीर हरकत घेतली. पुढें २०२० च्या मार्चमध्यें, 'कांहीं वसाहतवाल्यांच्या' बाबतींत असा मर्यादक शब्द त्या विधानांत घालण्यांत आला.

या दोन गोष्टींवरून नव्या संशोधनाची अप्रतिष्ठा होते असें मला वाटत नाहीं. उलट त्याची शिस्त दिसते. कागदाचा पत्ता दिलेला असतो, म्हणूनच दुसरा जाऊन तो उलगडूं शकतो. आपल्याला हवें तें सांगणाऱ्या ग्रंथासहि पुरावा मागणें, आणि नको तें सांगणाऱ्या साक्षीदाराचेंहि पुरतें ऐकून घेणें, ही दुहेरी कसोटी जो पाळील त्याचा इतिहास ग्राह्य, मग तो जुना असो कीं नवा.

शेवटीं एक गोष्ट सांगावयाची राहिली. मार्थेची रोजनिशी वांचली कशी? ती कोणत्याहि सरकारी दप्तरांत नव्हती. मार्थेमागून ती तिच्या मुलीकडे, डॉलीकडे आली. डॉलीमागून तिच्या मुलींकडे. घरें बदललीं, पिढ्या गेल्या, गृहस्थांनीं ती निरुपयोगी ठरविली; पण त्या बायकांनीं सुट्या पानांचा तो गठ्ठा टाकला नाहीं. १८८४ सालीं घराण्यांतील मेरी होबार्ट ही मुलगी वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडली, तेव्हां त्या वृद्ध बायकांनीं सुईण खापरपणजीची ती वही या डॉक्टरणीच्या स्वाधीन केली. तिनें ती जपली, आणि १९३० सालीं मेन राज्याच्या ग्रंथालयास दिली. त्या वहींत काय आहे हें अल्रिकबाईंनीं जगास सांगितलें, त्यास आणखी साठ वर्षें लागलीं.

तेव्हां वाचकहो, माळ्यावरच्या जुन्या पेटींत एखादी हिशेबाची वही, आजीच्या हातची यादी, तेलकट डागांचा एखादा कागद हातीं आला, तर तो रद्दीच्या गठ्ठ्यांत टाकण्यापूर्वीं एकवार दिव्याजवळ नेऊन वाचावा, आणि त्यावर कोणाच्या हातचा, केव्हांचा, एवढें टिपून ठेवावें. त्यांत काय आहे हें आपणांस कळलें नाहीं, तरी तें कळणारें माणूस पुढें केव्हां तरी जन्मास येतें.